भाकर मोडताना : मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील ईश्वरसान्निध्याची ओळख

१. प्रश्नाची मांडणी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग इतिहासाचे. मुद्रणकलेचा प्रसार, शालेय पुस्तके, नियतकालिके, 'यमुनापर्यटन' (१८५७) सारखी प्रारंभीची कादंबरी या संदर्भांत मिशनऱ्यांच्या व एतद्देशीय ख्रिस्ती लेखकांच्या कार्याची नोंद घेतली जाते. दुसरे अंग शैलीचे. 'स्मृतिचित्रे'चा प्रांजळपणा, तिच्यातील विनोद, बोलीचा जिवंतपणा यांविषयी समीक्षकांनी मनापासून लिहिले आहे. या दोन्ही अंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि या दोहोंच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली आहे. हे लेखक ज्याला ईश्वराचा अनुभव म्हणतात तो त्यांच्या लेखनात नेमका कोठे घडतो? कोणत्या प्रसंगात, कोणत्या वस्तूंच्या सहवासात, कोणत्या शब्दांतून? हा प्रश्न धर्मशास्त्राचा म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने बाजूला ठेवावा, असा एक अलिखित संकेत दिसतो. परिणामी 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण लक्ष्मीबाईंच्या हास्याला दाद देतो आणि त्यांच्या श्रद्धेवरून सौजन्याने नजर फिरवतो. श्रद्धा हा जणू त्या ग्रंथाचा खाजगी भाग आहे.

प्रस्तुत लेखात या रिकाम्या जागेकडे पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी बाबा पदमनजी (१८३१–१९०६), पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आत्मपर लेखनाचा व चरित्राचा आधार घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या लेखनात ईश्वरसान्निध्याचा प्रत्यय दिव्य दर्शनापेक्षा अन्न, पाणी, चूल, प्रवास आणि शुश्रूषा या रोजच्या व्यवहारांत अधिक येतो, तसे होण्याला ख्रिस्ती परंपरेइतकीच येथील जातिव्यवस्थाही कारण आहे, आणि हा प्रत्यय मागे वळून पाहताना स्पष्ट होत असल्यामुळे आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार त्याला विशेष मानवतो.

२. दर्शन आणि ओळख

चर्चेच्या सोयीसाठी 'दर्शन' आणि 'ओळख' या दोन शब्दांत भेद करणे इष्ट ठरेल. दर्शनात पूर्वी नसलेले काही तरी समोर प्रकट होते. ओळख पटते तेव्हा समोर असलेलेच, पण न जाणलेले, जाणले जाते. ख्रिस्ती धर्मग्रंथात दोहोंना स्थान आहे. दमास्कसच्या वाटेवर शौलाला आकाशातून प्रकाश दिसतो, ते दर्शन. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात उशाला दगड घेऊन निजलेल्या याकोबाला स्वप्न पडते, तेही दर्शनच. परंतु जागा झाल्यावर त्याच्या मनात येते ते असे की, परमेश्वर या ठिकाणी होताच, आपल्यालाच ते ठाऊक नव्हते. येथे दर्शनाचे ओळखीत रूपांतर होते. पहिल्या राजांच्या पुस्तकात एलीया संदेष्ट्याला वारा, भूकंप व अग्नी यांत परमेश्वर भेटत नाही. त्यानंतरच्या मंद ध्वनीत भेटतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कथा लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील आहे. येशूच्या वधानंतर दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावी चालले आहेत. वाटेत एक अनोळखी मनुष्य त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि शास्त्रवचनांचा अर्थ सांगतो. तरी त्यांना ओळख पटत नाही. संध्याकाळ झाली म्हणून ते त्याला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर घेऊन, आशीर्वाद देऊन मोडतो, आणि त्या क्षणी ते त्याला ओळखतात. ओळख पटताच तो अंतर्धान पावतो. मग ते दोघे एकमेकांना विचारतात की, वाटेने तो बोलत होता तेव्हाच आपले अंतःकरण आतून तापले नव्हते काय?

या कथेच्या रचनेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ओळख युक्तिवादाने पटत नाही. वाटेवरचे सारे निरूपण ऐकूनही जे झाले नाही ते भाकर मोडण्याच्या अगदी साध्या कृतीने होते. दुसरी गोष्ट अशी की, या कृतीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी अनोळखी माणसाला घरात घ्यावे लागते. आतिथ्य ओळखीच्या आधी येते. तिसरी गोष्ट वाङ्मयदृष्ट्या अधिक मोलाची. ओळख पटली तेव्हा ओळखलेला समोर उरत नाही. उरते ती आठवण, आणि त्या आठवणीत आधीचा सर्व प्रवास नव्या अर्थाने उजळतो. आत्मचरित्रही याच रीतीने लिहिले जाते. घडत असताना जे निरर्थक किंवा केवळ दुःखद वाटले, ते लिहिताना एका सूत्रात येते. 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' ही नावे या दृष्टीने पाहावीत. पहिल्यात हळूहळू फाकणारा उजेड आहे, दुसऱ्यात स्मृती. झळाळत्या क्षणाचे सूचन दोहोंतही नाही.

येथे मराठी भाषेचे एक वैशिष्ट्य नोंदवणे आवश्यक आहे. मूळ ग्रंथातील रोटीला मराठी बायबलने 'भाकर' हा शब्द योजला. त्यामुळे योहानाच्या सहाव्या अध्यायातील जीवनाच्या अन्नाची प्रतिमा मराठीत जात्यावर दळलेल्या, तव्यावर भाजलेल्या, घामाने कमावलेल्या अन्नाशी जोडली गेली. 'अन्न' म्हटले असते तर तिला उपनिषदांचा संदर्भ आला असता, 'प्रसाद' म्हटले असते तर देवळाचा. 'भाकर' या शब्दाने ती शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात नेऊन ठेवली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात बायबलचे जे स्वतंत्र मराठी भाषांतर केले, त्यामागेही अशीच दृष्टी होती. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने जाणीवपूर्वक साधी, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशी भाषा पत्करली. तिच्या लेखी सोपी भाषा हा ईश्वर कोठे भेटतो याविषयीचाच एक निर्णय होता.

३. पावाचा तुकडा : 'अरुणोदय' आणि परमहंस सभा

भाकर मोडण्याची कृती एकोणिसाव्या शतकातील मुंबईत साधी राहूच शकत नव्हती. कोणाच्या हातचे खावे, कोणाबरोबर बसावे, कोणाचे पाणी चालते यांवर माणसाचे स्थान ठरत असे. ज्या समाजात पंगत हीच भेदाची जागा आहे तेथे एकत्र जेवण ही केवळ सुधारणा उरत नाही. ती ईश्वरविषयक भूमिकाही होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचा दीक्षाविधी या दृष्टीने उद्बोधक आहे. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर यांच्यासारखी मंडळी या गुप्त सभेत होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खाणे हे त्या विधीचे एक अंग असे.

त्वष्टा कासार समाजात बेळगावला जन्मलेल्या आणि मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाबा पदमनजींचा या सभेशी संबंध आला होता. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळच्या मुंबईतील वैचारिक घुसळणीचा महत्त्वाचा दस्तऐवज मानले जाते. परमहंस सभेचा पाव आणि ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाची भाकर या दोन गोष्टी बाह्यतः सारख्या आहेत. दोन्हींत एक तुकडा तोंडात घालून मनुष्य जुन्या जगाची सीमा ओलांडतो. पण पहिल्या कृतीचा अर्थ नकारात संपतो. मी जात मानत नाही, एवढेच ती सांगते, आणि तेही बंद दाराआड. दुसऱ्या कृतीत तोच तुकडा कोणाची तरी ओळख पटवतो, आणि ती ओळख उघडपणे मिरवावी लागते. सभासदांची नावे बाहेर फुटताच १८६० च्या सुमारास परमहंस सभा विस्कटली, हे प्रसिद्ध आहे. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला आणि १८७४ मध्ये त्याचे मंदिर गिरगावात उभे राहिले. गुप्त पावापासून उघड उपासनेपर्यंतचा हा प्रवास ख्रिस्ती नसलेल्या सुधारकांनीही आपल्या परीने केला. पदमनजींचे वेगळेपण एवढेच की, आपल्या प्रवासाला त्यांनी 'उदय' म्हटले. पुस्तके, शिक्षक, शंका, घरातील ताण यांमधून कणाकणाने येणारा तो उजेड होता.

४. स्वीकार आणि शोध : पंडिता रमाबाई

रमाबाईंच्या इंग्रजीत लिहिलेल्या व १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात हा भेद अधिक काटेकोरपणे येतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपण आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ख्रिस्त आपल्याला पुढे कितीतरी काळाने गवसला, असे त्या सांगतात. बुद्धीला पटणे आणि सान्निध्य जाणवणे यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे मांडणारे लेखन त्या काळात दुर्मिळ आहे.

विशेष म्हणजे ज्या घटनेने त्यांचे मन प्रथम वळले ती घटना वादविवादाची नव्हती. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रमात त्यांना नेण्यात आले. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे भगिनीवर्ग सेवा करीत होता. तेथील ममता पाहून रमाबाईंनी त्यामागचे कारण विचारले, आणि उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ही कथा पाण्याची आहे. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नसताना येशू विहिरीवर त्या स्त्रीजवळ प्यायला पाणी मागतो. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि दुष्काळपर्वात आईवडील गमावलेल्या रमाबाईंना या मागण्याचा अर्थ कोणा युरोपीय वाचकापेक्षा अधिक कळला असेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जो देव पाणी देतो तो सर्वांना ठाऊक असतो. निषिद्ध मानलेल्या हाताकडून पाणी मागणारा देव मात्र ओळखावा लागतो.

मार्च १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत गिरगाव चौपाटीच्या परिसरात शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास गेले. धर्माच्या बाबतीत सदनाने तटस्थ राहावयाचे होते. उच्चवर्णीय विधवांच्या जेवणखाणाचे नियम तेथे पाळले जात. ख्रिस्ती झालेली बाई दुसऱ्यांच्या सोवळ्याची व्यवस्था करते, यातील विसंगती वरवरची आहे. ज्यांच्याकडे सन्मानाने जगण्याचे दुसरे साधन उरलेले नाही त्यांच्या ताटाची अट म्हणून श्रद्धा लादणे त्यांना मान्य नव्हते. मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार बंद करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. परमहंस सभेच्या बंद दाराशेजारी हे उघडे दार ठेवून पाहिले म्हणजे चाळीस वर्षांतील अंतर कळते. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, उघडे दार कोणाला आमंत्रण वाटते तर कोणाला मोह. पालकांच्या धास्तीला केवळ प्रतिगामी म्हणून निकालात काढल्यास त्या वादाचे गांभीर्य आपण गमावू.

५. अनोळखी सहप्रवासी : नारायण वामन टिळक

टिळकांच्या चरित्रातील आगगाडीचा प्रसंग सुपरिचित आहे. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा मनुष्य कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाची बांधणी अम्माऊसच्या कथेशी किती जुळते हे सांगायला नको. प्रवास, अनोळखी सोबती, ग्रंथाविषयीचे संभाषण, सोबत्याचे दिसेनासे होणे आणि मग मागाहून उमगलेला अर्थ, हे सर्व टप्पे येथे आहेत. हे साम्य योगायोगाचे की कथनपरंपरेचे, असा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा. धर्मांतराच्या कथा सांगितल्या जातात तेव्हा त्या धर्मग्रंथातील कथांच्या साच्यात बसू लागतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु साचा आहे म्हणून अनुभव खोटा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आगगाडीचा डबा ही त्या काळी जातींच्या नियमांना न जुमानणारी नवी जागा होती. तेथे कोण शेजारी बसेल हे कोणाच्या हाती नव्हते. अनोळखी माणसात ईश्वराची सोबत ओळखण्याची जुनी कथा या नव्या जागेत पुन्हा घडू शकली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

टिळकांना मराठी समीक्षेने 'फुलामुलांचा कवी' ही उपाधी दिली, आणि त्यांच्या ख्रिस्ती भक्तिरचनांचे दालन वेगळे केले. 'वनवासी फूल', 'केवढे हे क्रौर्य' या कविता एका बाजूला. 'अभंगांजली' आणि उपासनेतील गीते दुसऱ्या बाजूला. प्रस्तुत प्रतिपादनाच्या प्रकाशात ही विभागणी तपासून पाहावी लागेल. पारध्याच्या बाणाने विद्ध झालेल्या पक्षिणीत आईपण पाहणारी नजर आणि परक्या माणसात बंधू पाहणारी नजर या दोन नजरा नाहीत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशीचा राजा भुकेले, तान्हेले, परके, उघडे, आजारी आणि बंदिवान यांच्याशी स्वतःचे ऐक्य सांगतो. आणि नीतिमान लोक चकित होऊन विचारतात की, आम्ही तुला केव्हा पाहिले? म्हणजे ज्यांनी सेवा केली त्यांनाही ओळख नव्हती. टिळकांच्या निसर्गकवितेत देवाचे नाव नसताना जी करुणा आहे, ती या न ओळखलेल्या सेवेच्या जातीची आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. वारकरी परंपरेने प्रपंचातच परमार्थ पाहण्याची जी सवय मराठी मनाला लावली, तिच्यावाचून टिळकांची ख्रिस्ती कविता संभवली नसती. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोहोंनाही त्यात प्रवेश होता. पंगतीची सीमा त्यांनी आता चर्चच्या उंबरठ्यावरही पुसून टाकली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

६. चुलीपाशी : 'स्मृतिचित्रे'

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त हा विषय सर्वांत समृद्ध रूपात येतो. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेण्याचा त्यांचा अट्टहास आणि त्यापायी घरच्यांचे झालेले हाल त्या हसत हसत सांगतात. विनोदाच्या आड एक भीषण चित्र आहे. पावित्र्याच्या शोधात हे घर माणसांना, अन्नाला आणि अखेर स्वतःलाच भिऊ लागले आहे. देव अशा घरात धुण्याच्या पलीकडे कोठे तरी असतो. हाताशी आलेल्या वस्तूत तो असूच शकत नाही.

पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन चुली ही त्या संसाराची स्थिती होती. हा काळ त्या लपवत नाहीत, की त्याबद्दल स्वतःला कमी लेखत नाहीत. मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो : जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता तर जन्म, मृत्यू, रक्तमांस, सुखदुःख यांत कोठे तरी फरक दिसला असता. तसा तो दिसत नाही. या विचारासरशी आयुष्यभराचे सोवळे गळून पडते आणि कोणाच्याही हातचे खायला त्या तयार होतात. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनाक्रमाकडे बारकाईने पाहावे. लक्ष्मीबाईंना आकाशवाणी ऐकू आलेली नाही. पतीचे युक्तिवाद त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले होते. त्यांनी काम झाले नाही. शरीर सर्वांचे सारखे आहे, भूक सर्वांची सारखी आहे, या अगदी रोजच्या गोष्टीची ओळख पटली आणि तिच्याबरोबरच देवाची. त्यांच्या बाबतीत ईश्वराविषयीचे ज्ञान आणि माणसाविषयीचे ज्ञान एकाच क्षणी येते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे चूल एक होणे. अम्माऊसच्या शिष्यांनी भाकर मोडताना ओळखले. लक्ष्मीबाईंनी भाकर मोडता येईल असे होताना ओळखले. अनाथ मुलांना घरात घेणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेणे, हा या ओळखीचाच पुढचा विस्तार होय.

७. एक आक्षेप

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण त्यावाचून वरील विवेचन भाबडे ठरेल. रोजच्या जीवनात देव पाहण्याची दृष्टी ही रोजच्या जीवनातील अन्यायावर पांघरूण घालण्याचे साधन होऊ शकते. चूल पवित्र आहे असे म्हटले की ती चूल कोण फुंकते हा प्रश्न मागे पडतो. टिळकांच्या हातातला पैसा दुसऱ्याच्या गरजेपुढे टिकत नसे. दारी आलेला प्रत्येकजण त्यांचा पाहुणा असे. त्या औदार्याची किंमत घरात कोणी मोजली, हे 'स्मृतिचित्रे'च्या पानोपानी दिसते. परक्यात देव ओळखणाऱ्या पुरुषाला पत्नीची ओढाताण अनेकदा दिसत नाही.

'स्मृतिचित्रे'चा विनोद येथे आपले खरे कार्य करतो. टिळकांवरील अपार प्रेम आणि त्यांच्या विक्षिप्तपणावरील टीका लक्ष्मीबाई एकाच वाक्यात सांभाळतात. हास्यामुळे संतचरित्राची चौकट मोडते आणि श्रद्धेला घरखर्चाच्या हिशेबापुढे उभे राहावे लागते. म्हणून त्यांच्या विनोदाला केवळ शैलीचा गुण म्हणणे अपुरे आहे. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रामाणिकपणा आहे. देव खरोखर चुलीपाशी असेल, तर चुलीपाशी घडणारे सर्व काही त्याच्यासमोर सांगता आले पाहिजे.

आक्षेपाची दुसरी बाजू सामाजिक आहे. येथे विचारात घेतलेले लेखक पंगतीच्या वरच्या किंवा मधल्या टोकाकडून आलेले आहेत. अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आला. त्यांच्यासाठी एकत्र भोजनाचा अर्थ सोवळे सोडणे असा नव्हता. ज्या पंगतीतून आजवर उठवले गेले तीत प्रथमच बसवले जाणे, असा होता. त्यांचा अनुभव आत्मचरित्रांपेक्षा भजनांतून, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी रूढ केलेल्या ख्रिस्ती कीर्तनांतून आणि मौखिक साक्षींतून अधिक व्यक्त झाला. त्या साधनांचा अभ्यास झाल्यावाचून येथील प्रतिपादन अर्धेच राहील.

८. मुंबईच्या गल्ल्यांतून

ग्रंथांत दिसणारी ही दृष्टी लोकव्यवहारातही आढळते. गिरगावातील खोताची वाडी, माझगावातील म्हातारपाखाडी अशा जुन्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. मुंबईतील अशा अनेक क्रुसांचा संबंध परंपरेने १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीशी जोडला जातो. रोगाच्या भयाने गर्दी टाळावी लागे तेव्हा उपासना गल्लीत आली, आणि साथ ओसरल्यावरही ती तेथेच राहिली. ईस्ट इंडियन समाज आपल्या मराठी बोलीत ज्याला 'आगेरा' म्हणतो तो नव्या पिकाचा सण याच जातीचा आहे. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. शेते इमारतींखाली गेली तरी लोंब्या आणल्या जातात, कारण अन्न कोठून येते याची ओळख शेताबरोबर गाडून टाकता येत नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत हीच जाणीव सामाजिक कार्याच्या रूपाने दिसते. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. भोवतालच्या कष्टकरी वस्तीचे आरोग्य, शिक्षण व करमणूक हे त्याचे कार्यक्षेत्र. याच वास्तूत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. शेजारी ही धर्मग्रंथातील कल्पना येथे संस्थेच्या नावातच उतरली.

परळ-लालबागच्या गिरणगावाने या विषयाला आणखी एक परिमाण दिले. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांची निष्ठा मार्क्सवादाशी होती. तरीही त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) असावे, हे विचार करायला लावणारे आहे. गिरणी कामगाराने वाढवलेल्या या कवीने कष्टकरी माणसातच थोरवी ओळखली, आणि त्यासाठी शब्द मात्र अध्यात्माचा घेतला. ख्रिस्ती लेखक म्हणेल की, भुकेल्या माणसात देव आहे. सुर्वे म्हणतील की, भुकेला माणूसच पुरे आहे. या दोन विधानांतील अंतर खरे आहे आणि ते बुजवू नये. पण दोघेही ज्या जागी उभे राहून बोलतात ती जागा एकच आहे, आणि तेथे भाकर आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष मांडता येतील. मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनात ईश्वरसान्निध्य हे मुख्यतः ओळखीच्या स्वरूपाचे आहे आणि तिची ठिकाणे पंगत, पाणवठा, प्रवास व शुश्रूषा ही आहेत. या ठिकाणांची निवड केवळ धर्मग्रंथाने केलेली नाही. येथील जातिव्यवस्थेने जेथे रेषा ओढली होती नेमके तेथेच या लेखकांना देव भेटला. आणि ही ओळख मागाहून पटणारी असल्यामुळे आठवण हे तिचे माध्यम आणि आत्मचरित्र हा तिचा स्वाभाविक आकार ठरतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीवरून विरोधाचे सूर उमटले होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तो विरोध आपल्या विषयाच्या निकडीची आठवण करून देतो. ख्रिस्ती मराठी वाङ्मय आपल्या पंगतीत बसले आहे खरे, पण त्याच्याशी आपली ओळख अद्याप अपुरी आहे. महाविद्यालयात 'स्मृतिचित्रे' शिकवताना लक्ष्मीबाईंच्या दोन चुलींपाशी थोडे अधिक थांबावे आणि त्या एक कशा झाल्या हे विद्यार्थ्यांना विचारावे. त्या उत्तरात त्यांची भाषा, त्यांचा समाज आणि त्यांचा देव ही तिन्ही एकत्र सापडतील.